सवलतींची सनद आणि डाव्यांची हरकत

खाजगी मालकाने नवा कामगार ठेवावा आणि त्या कामगारामागे दरमहा काही रक्कम सरकारी खजिन्यातून मालकाच्या पदरात पडावी, अशी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजूर केली, तेव्हा तिच्या स्वागतात साडेतीन कोटी रोजगारांच्या आकड्याचाच गजर अधिक झाला. तिच्यासाठी लागणाऱ्या ९९,४४६ कोटी रुपयांच्या आकड्याकडे त्या मानाने फारसे कोणी पाहिले नाही. प्रत्येक वाढीव नोकरीमागे मालकाला महिन्याला तीन हजार रुपयांपर्यंत, सामान्य धंद्यात दोन वर्षे आणि कारखानदारीत चार वर्षे, असा या योजनेचा ठोकताळा आहे. कामगाराचा पगार हे मालकाचे कर्तव्य असताना त्यातला हिस्सा जनतेने का उचलावा, अशी हरकत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आणि त्याच्या विचाराच्या सिटू या कामगार संघटनेने घेतली. ती हरकत नेहमीच्या पठडीतली म्हणून सोडून देण्यात आली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती सोडून देण्याजोगी नाही. परंतु ज्या पक्षाने ती घेतली त्याने सत्तेवर असताना स्वतः काय केले, हे विचारल्यावाचून ती जशीच्या तशी स्वीकारण्याजोगीही नाही.

प्रथम हरकतीचा गाभा पाहू. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर, आणि कारखानदारीत नव्याने उतरणाऱ्या कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला, आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज सरकारनेच सांगितला. डाव्यांनी त्या वेळी मांडलेले म्हणणे, जे प्रभात पटनायक यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांच्या लेखनात अधिक तपशिलाने आढळते, असे होते की, कारखानदार नवा कारखाना काढतो तो हाती नफा साचला म्हणून नव्हे, तर मालाला गिऱ्हाईक दिसते म्हणून. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नसताना कारखानदाराच्या खिशात कितीही पैसा घातला, तरी तो यंत्रसामग्रीत न जाता कर्जफेडीत, लाभांशात किंवा शिलकेत जाऊन पडतो. हाच पैसा रोजगार हमीवर, शाळांवर आणि दवाखान्यांवर खर्च केला असता, तर त्यातून मागणी उत्पन्न होऊन तो अखेर त्याच कारखानदाराच्या दुकानापर्यंत पोहोचला असता. या युक्तिवादात मार्क्सपेक्षा केन्सचा अंश अधिक आहे. परंतु त्याचे खंडन करावयाचे तर आकड्यांनीच केले पाहिजे. वक्त्याच्या हातातील लाल निशाणाकडे बोट दाखवून भागणार नाही.

करमाफी निदान सर्वांना सारखी असते. तिच्यापुढचा प्रकार म्हणजे एखाद्या विवक्षित कंपनीला विवक्षित रक्कम देण्याचा, आणि त्याचे ठळक उदाहरण गुजरातेत साणंद येथे आहे. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या अर्धवाहक-जुळणीच्या कारखान्यास एकंदर २७५ कोटी डॉलर खर्च येईल असे जून २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यातले निम्मे केंद्र सरकारने, वीस टक्के गुजरात सरकारने आणि उरलेले, म्हणजे फार तर साडेब्याऐंशी कोटी डॉलर, कंपनीने घालावयाचे ठरले. थेट नोकऱ्यांचा आकडा कंपनीने पाच हजारांपर्यंतचा सांगितला. शंभर रुपयांच्या कारखान्यात सत्तर रुपये जनतेचे, आणि कारखाना मात्र सोळा आणे कंपनीचा! सत्तर रुपये घालणारा भागीदार कोणत्याही पेढीवर वहीत आपले नाव मागतो. येथे तो नाव तर मागत नाहीच, पण मला भागीदार म्हणू नका असे आपणहून सांगतो. डाव्यांचा यावरील प्रश्न, की सार्वजनिक पैसा असेल तर सार्वजनिक भाग का नसावा, हा मला त्यांच्या साऱ्या प्रश्नांत अधिक बळकट वाटतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप माझ्या वाचनात नाही. अर्धवाहकांचा उद्योग देशाच्या संरक्षणाला आवश्यक आहे हे उत्तर होत नाही. आवश्यक आहे म्हणूनच मालकीचा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

आता पक्षाच्या स्वतःच्या दफ्तराकडे वळू.

५ एप्रिल १९५७ रोजी केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मतपेटीच्या मार्गाने भारतातील एखाद्या राज्यात अधिकारावर आलेले ते पहिले कम्युनिस्ट सरकार, आणि त्याची कीर्ती झाली ती जमीनसुधारणेच्या व शिक्षणाच्या विधेयकांमुळे. परंतु त्याच सरकारने राज्यात उद्योग यावा म्हणून ज्यांना पाचारण केले ते होते बिर्ला. कोळिकोडजवळ चालियार नदीकाठी मावूर येथे ग्वाल्हेर रेयॉनचा लगदा-कारखाना निघावा यासाठी जंगलातला बांबू टनाला एक रुपया या दराने देण्याचे सरकारने कबूल केले. कारखाना उभा राहिला, हजारोंना काम मिळाले. पुढे नदीच्या पाण्याची आणि काठच्या लोकांच्या आरोग्याची जी दशा झाली तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. १९८५ पासून तीन वर्षे कारखाना बंदच राहिला, आणि या शतकाच्या आरंभी त्याला कायमचे कुलूप लागले. रुपयाला टन या दराने गेलेल्या बांबूच्या जंगलाची भरपाई कोणी केली नाही. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याची अशीच कथा अनेकदा सांगितली आहे: कारखान्याला दीड रुपया टन दराने बांबू, आणि त्याच बांबूवर पोट असणाऱ्या बुरुडाला मात्र बाजारचा भाव. दांडेलीस काँग्रेसचे राज्य होते आणि मावूरला कम्युनिस्टांचे, एवढाच काय तो फरक.

अशा सरकारांचा बचाव पक्षाने पुढे तात्त्विक भूमिकेवरून केला. १९६४ साली मार्क्सवादी पक्ष निराळा झाला तेव्हा त्याने स्वीकारलेल्या कार्यक्रमाच्या ११२ व्या परिच्छेदात म्हटले होते की, भांडवली व्यवस्थेच्या चौकटीत एखाद्या राज्यात सरकार बनले तर त्याने लोकांना तात्कालिक दिलासा द्यावा, मूलभूत परिवर्तनाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. हा बचाव लटका नाही. चलन केंद्राचे, बँका केंद्राच्या, प्राप्तिकर केंद्राचा; अशा स्थितीत राज्याच्या अर्थमंत्र्याच्या हाती जमीन, वीज आणि विक्रीकर याखेरीज काय उरत होते? आणि बंगालची तक्रार तर याहून जुनी व रास्त होती. १९५२ पासून १९९३ पर्यंत पोलाद आणि कोळसा देशभर सारख्या भावाने मिळावा म्हणून केंद्राने वाहतुकीचा खर्च समान केला, त्यामुळे बिहार-बंगालच्या खाणींशेजारी कारखाना काढण्यात जो नैसर्गिक फायदा होता तो नष्ट झाला आणि मुंबई-पुण्याच्या कारखानदाराला दुर्गापूरचे पोलाद दुर्गापूरच्याच भावाने मिळू लागले. आपण मराठी माणसे आपल्या औद्योगिक प्रगतीचे श्रेय आपल्या उद्यमशीलतेला देतो, त्यात केंद्राच्या या अबोल अनुदानाचाही वाटा होता हे सहसा कोणी सांगत नाही. एका प्रांताला दिलेली सवलत दुसऱ्या प्रांताच्या ताटातून येते, हे बंगाल चाळीस वर्षांच्या अनुभवाने शिकला होता.

म्हणूनच पुढली घटना मला अधिक शोचनीय वाटते. विक्रीकराची सूट देऊन एकमेकांचे कारखाने पळवण्याची राज्यांची चढाओढ नव्वदीच्या दशकात इतकी विकोपाला गेली की, नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत सर्वांनी किमान दर समान ठेवण्याचे आणि नव्या उद्योगांना विक्रीकरातील सूट देणे बंद करण्याचे मान्य केले. हे अंमलात आणण्यासाठी आणि मूल्यवर्धित कराची तयारी करण्यासाठी राज्यांच्या अर्थमंत्र्यांची जी अधिकारप्राप्त समिती झाली, तिचे अध्यक्षपद मिळाले पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांना. मार्क्सवादी पक्षाचा हा अर्थमंत्री निरनिराळ्या पक्षांच्या अर्थमंत्र्यांना वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसवून, भाजपच्या आणि काँग्रेसच्या केंद्र सरकारांशी सारखाच व्यवहार करून, १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर अंमलात आणण्याइतपत सहमती घडवून आणतो, ही भारतीय संघराज्याच्या इतिहासातील एक थोर कामगिरी आहे. डाव्यांच्या प्रचारसाहित्यात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि हे मला कोडेच वाटते.

कारखान्यांच्या लिलावाला कुंपण घालण्याचे काम ज्या पक्षाच्या अर्थमंत्र्याने केले, त्याच पक्षाच्या सरकारने पुढल्या तीन वर्षांत ते कुंपण ओलांडले. बुद्धदेव भट्टाचार्य यांचा शपथविधी झाला त्याच दिवशी, १८ मे २००६ रोजी, टाटांच्या लहान मोटारीचा कारखाना सिंगूर येथे निघेल असे जाहीर झाले. टाटांपुढे उत्तराखंडाचा पर्याय होता, जेथे २००३ पासून केंद्राने उत्पादनशुल्काची दहा वर्षे माफी दिलेली होती. त्या माफीची बरोबरी करण्यासाठी बंगालने ९९७ एकर जमीन, एक टक्का व्याजाने दोनशे कोटींचे कर्ज, आणि कारखान्याकडून वसूल होणाऱ्या मूल्यवर्धित कराइतकी रक्कम नाममात्र व्याजाने कंपनीलाच कर्जाऊ परत, असा करार केला. करारातील कलमे दीर्घकाळ जनतेपुढे आली नाहीत; व्यापारी गुपित हे कारण सांगण्यात आले. शेतकऱ्याची जमीन संमतीवाचून घेतली जात असताना ती कशाच्या बदल्यात जात आहे हे त्याला न सांगणारे सरकार शेतकरी-कामगारांच्या नावाने राज्य करीत होते, ही गोष्ट विरोधकांना पुरेशी होती. ३ ऑक्टोबर २००८ रोजी टाटांनी सिंगूर सोडल्याचे जाहीर केले आणि कारखाना साणंदला गेला. तेथे गुजरातने गुंतवणुकीच्या तिप्पटीहून अधिक, म्हणजे ९,५७० कोटींपर्यंतचे कर्ज, दशांश टक्का व्याजाने, वीस वर्षांनी फेड सुरू करण्याच्या अटीवर कबूल केले होते. ती मोटार २०१८ च्या सुमारास बाजारातून उठली. बंगालमधील डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता २०११ मध्ये गेली. सिंगूरचे भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द केले. आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी लवादाने बंगालच्या औद्योगिक विकास महामंडळाने टाटांना ७६५ कोटी ७८ लाख रुपये, वर अकरा टक्के व्याज, द्यावेत असा निवाडा दिला. एकही मोटार विक्रीस बाहेर न पडता त्या जमिनीवर एवढा हिशेब निघाला.

पक्षाचा यातला दोष कोणता? उद्योग आणू पाहिले हा नव्हे. एप्रिल २००५ मध्ये दिल्लीच्या अठराव्या महाअधिवेशनात पक्षाने परकी भांडवलासंबंधी आपले धोरण ठरवताना तीन अटी घातल्या होत्या: उत्पादनक्षमतेत भर पडावी, तंत्रज्ञान उंचावावे, रोजगार वाढावा. या अटी शहाणपणाच्या आहेत, मोजता येण्याजोग्या आहेत, आणि देशी भांडवलाला दिलेल्या सवलतींनाही त्या जशाच्या तशा लावता आल्या असत्या. त्या करारनाम्यात मुदतीसह व दंडासह लिहून, सारा करार जनतेपुढे ठेवून मगच जमीन मागावयास हवी होती. विरोधात असताना सवलतीला सरसकट नकार आणि सत्तेत असताना सवलत गुपचूप, या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे ती पक्षाने मोकळी सोडली. केरळातले डावे सरकारही त्याच पेचात सापडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोचीला गुंतवणूकदारांची जागतिक परिषद भरवणारे सरकार आणि दिल्लीत भांडवलदारांच्या सवलतींविरुद्ध पत्रके काढणारे कार्यालय एकाच पक्षाचे, हे पाहून वाचकाला हसू आले तर त्याला दोष देता येणार नाही.

महाराष्ट्रात डावे स्वबळावर कधी सत्तेवर आले नाहीत, म्हणून येथे त्यांची कसोटी विरोधी बाकावरच लागली, आणि एका बाबतीत ती फार चांगली उतरली. दाभोळच्या एनरॉन प्रकल्पावर सभा, मोर्चे आणि घोषणा सर्वांनीच केल्या. ज्यांनी तो समुद्रात बुडवण्याची भाषा केली त्यांनीच सत्तेवर आल्यावर १९९६ मध्ये त्याचा नवा करार केला. परंतु करारनामा उघडून त्यातली कलमे वाचणारे थोडे होते. सिटू आणि अभय मेहता यांनी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका दाखल केली ती कागदपत्रांच्या वाचनावर उभी होती: विजेचा दर डॉलरशी जखडलेला, वीज उचलली नाही तरी वीज मंडळाने क्षमतेपोटी आकार भरावयाचा, आणि मंडळ चुकले तर राज्याची हमी व तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. याचिका फेटाळली गेली. पुढे पाच वर्षांच्या आत वीज मंडळाला ती वीज घेणे परवडेनासे झाले, राज्य सरकारने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कराराच्या समर्थनीयतेवरच बोट ठेवले, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. न्यायालयात हरलेले लोक हिशेबात बरोबर होते. पंधरा निदर्शनांनी जे साधत नाही ते एका करारनाम्याच्या काळजीपूर्वक वाचनाने साधते, याचे महाराष्ट्रातले हे उदाहरण डाव्यांनी स्वतःच विसरावे याचे वाईट वाटते.

विसरले म्हणतो ते एवढ्यासाठी की, आपल्या राज्यात सवलतींचा इतिहास साठ वर्षांचा आहे आणि त्याचा जमाखर्च कोणत्याच पक्षाने मागितलेला नाही. १९६४ मध्ये महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली ती मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून. हेतू निर्मळ होता, आणि त्याला फळही आले. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला निघाला नसता तर औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, औद्योगिक शहर व्हायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. परंतु योजना वारंवार नवी होत गेली. विक्रीकराच्या सवलतीची जागा पुढे भरलेल्या कराच्या परताव्याने आणि विशाल प्रकल्पांसाठी स्वतंत्र वाटाघाटींनी घेतली, आणि मागास तालुक्यासाठी आखलेल्या या साधनाचा लाभ बड्या कारखान्यांनाही होऊ लागला. प्रादेशिक असमतोलावर प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर चाळीस वर्षांनीही परभणी, हिंगोली किंवा गडचिरोलीच्या तरुणाला कारखान्यातली नोकरी हवी तर पुण्याची गाडी धरावी लागते. योजना अयशस्वी झाली असे मी म्हणत नाही. ती किती यशस्वी झाली हे सांगणारी, प्रत्येक कंपनीला किती मिळाले आणि तिच्या हजेरीपटावर किती माणसे आली हे दाखवणारी वही जनतेपुढे नाही, एवढेच म्हणतो. पेशवाईतल्या इनामांची सनद तपासण्यासाठी इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसवले, ते लोकांना अप्रिय झाले आणि त्याने अन्यायही पुष्कळ केला. परंतु करमाफी घेणाऱ्याने ती कोणत्या हुकुमाने, कोणत्या कामाबद्दल आणि किती पिढ्यांसाठी मिळाली ते दाखवले पाहिजे, हे तत्त्व तरी त्या परकी अंमलाने मान्य केले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा म्हणून गाजलेला प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे कळले, तेव्हा आपल्याकडे जो गदारोळ झाला तो आठवावा. एका पक्षाने दुसऱ्याला विचारले, अधिक सवलत का दिली नाही? दुसऱ्याने उत्तर दिले, दिली होती, तुम्हीच वेळ दवडला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्यासाठी दोन राज्ये भांडली ते गुजरातेतही उभे राहिले नाही. त्या गदारोळात हजारो कोटींची सवलत मुळात द्यावी का आणि दिल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार डाव्यांइतका दुसऱ्या कोणाला नव्हता, आणि त्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता. युरोपीय संघाच्या मूळ करारातील १०७ व्या कलमान्वये कोणत्याही सभासद राष्ट्राला अशी स्पर्धा विकृत करणारी मदत सामान्यतः देता येत नाही. आयर्लंडने ॲपल कंपनीला दिलेली करसवलत याच आधारावर बेकायदा ठरून १० सप्टेंबर २०२४ रोजी संघाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तेरा अब्ज युरोंची वसुली कायम केली. सार्वभौम राष्ट्रे जे बंधन मान्य करतात ते एका संघराज्यातील घटकराज्यांनी मान्य करू नये असे नाही. आणि तसे बंधन घालण्याचा अनुभव या देशात कोणाला असेल तर तो दासगुप्तांच्या पक्षाला आहे.

दिल्लीतले ते काम मोठे आहे व त्याला वेळ लागेल. मुंबईतले काम लहान आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत मार्क्सवादी पक्षाचा डहाणूचा एक आणि शेतकरी कामगार पक्षाचा सांगोल्याचा एक असे सभासद आहेत. दोनच असले तरी तारांकित प्रश्न विचारण्यास एक पुरतो. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली गेल्या दहा वर्षांत कोणत्या कंपनीला, कोणत्या तालुक्यातील कारखान्याबद्दल, किती रुपयांचा कर परत मिळाला, किती वीजशुल्क व मुद्रांक शुल्क माफ झाले, तिने किती कायम आणि किती कंत्राटी कामगार ठेवण्याचे लिहून दिले, त्यांपैकी आज किती कामावर आहेत, आणि अट मोडली म्हणून कोणाकडून काही वसूल झाले काय, हे कंपनीवार सभागृहाच्या पटलावर ठेवावे, अशी मागणी या दोन सभासदांनी येत्या अधिवेशनात करावी.